आवडता आकडा

सर रागावले की शुद्ध मराठी बोलायचे आणि खूश असले की अहिराणी. हे नव्या विद्यार्थ्याला कळायला निदान महिना लागायचा. तोवर तो बिचारा "आपण थोडा वेळ बाहेर उभे राहण्याची कृपा कराल का?" हे ऐकून, सर किती सभ्य आहेत असं घरी फोन करून सांगत असायचा. मीही फसले. पहिल्याच दिवशी चपला न काढता प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा सर म्हणाले, "आपली पादत्राणे आपणास फार प्रिय दिसतात." मी खुशीत म्हटलं, "हो सर, कालच घेतली." मागे कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. पुढचे तीन दिवस सर माझ्याशी इतकं शुद्ध बोलले की मला वाटलं, आपण पीएचडीला भौतिकशास्त्राऐवजी मराठी विभागात नाव घातलंय की काय.

खोकणारा बोदवड होता. बोदवड हे त्याचं गाव, पण सर माणसांना नावानं हाकच मारत नसत, गावानं मारत. रोज गाडीनं बोदवडहून येणारा माझा सीनियर म्हणजे बोदवड. त्याच्या आधीचा एक जामनेर होता, तो लग्नाची पत्रिका घेऊन आला तेव्हा म्हणे सरांनी त्याचं खरं नाव पहिल्यांदा वाचलं आणि विचारलं, "हाऊ कोण शे?" म्हणजे, हा कोण आहे? मी अर्थात धुळे. "बोदवड वेळेवर आलं, धुळे अजून नाही?" "धुळे आज तापलेलं दिसतंय." बाहेरच्या माणसानं ऐकलं तर त्याला हवामानाच्या बातम्या चालल्यात असं वाटावं. सर स्वतः धुळ्याजवळच्या खेड्यातले, त्यामुळे माझ्यावर त्यांचा गाववाल्याचा हक्कही होता आणि गाववाल्याचा संशयही.

आमचं काम थोडक्यात सांगते, कारण ते कळल्याशिवाय सर कळणार नाहीत. चिनीमातीतून वीज जात नाही. विजेच्या खांबांवर ते पांढरे कप बसवतात ते म्हणूनच. आम्ही नेमकं उलटं करत होतो: जिच्यातून वीज जाईल अशी चिनीमाती. सिरियम ऑक्साइड नावाची फिकट पिवळी पूड घ्यायची, तिच्यात दुसऱ्या एका धातूच्या ऑक्साइडची चिमूट घालायची, खलात तासन् तास घोटायची, साच्यात दाबून नाण्याएवढी चकती करायची आणि भट्टीत तेराशे अंशांवर भाजायची. मग चकतीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावून ती तापवत तापवत वीज किती वाहते ते मोजायचं. इंधनापासून थेट वीज करणाऱ्या सेलमध्ये असली चकती लागते. आमचं घर मूळचं राजस्थानातलं, धुळ्यात तिसरी पिढी, आणि पप्पांचं आग्रा रोडवर कपबश्यांचं दुकान. ते म्हणायचे, "तीन पिढ्या चिनीमाती विकतोय, एका गिऱ्हाईकाला कधी शॉक बसला नाही. तुला ही काय अवदसा आठवली?"

अवदसा अशी होती की मला देशभरातली परीक्षा देऊन फेलोशिप मिळाली होती. तिचे दोन टप्पे. दोन वर्षं झाली की बाहेरच्या तिघांची समिती येते, काम बघते आणि पुढचा टप्पा द्यायचा की नाही ते ठरवते. पप्पांशी माझा करार साधा होता. फेलोशिप चालू आहे तोवर मी जळगावात, बंद पडली की धुळ्यात, गल्ल्याच्या मागे. पप्पा वाईट नव्हते, फक्त त्यांना मी गल्ल्यामागे फार शोभून दिसेन अशी खात्री होती. मला मात्र त्या गल्ल्याची धास्ती होती.

सरांच्या खिशात पेन नसायचं, व्हर्नियर असायचं. चकतीची जाडी मोजायचं ते स्टीलचं उपकरण शर्टाच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत असायचं आणि हाताला लागेल ते सर त्यात पकडायचे. कॅन्टीनमध्ये वडा आला की आधी व्यास. "गेल्या सोमवारनापेक्षा चार मिलिमीटर कमी शे," असं ते इतक्या दुःखानं सांगायचे की कॅन्टीनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवभाजीतली जाड शेव बाजूला काढून पुसून मोजलेलीही मी पाहिली आहे. शेवटी कॅन्टीनवाला सर दिसले की घाण्यातला सगळ्यात मोठा वडा वेचून ठेवायचा, आणि आम्ही सरांबरोबर चहाला जायला टपलेले असायचो, कारण एकाला मोठा दिला की बाकीच्यांना लहान द्यायला त्याला लाज वाटायची.

भट्टी हा सरांचा दुसरा संसार. सकाळी सहाला ती लावायची, कारण वीज जायची तर बहुधा दुपारनंतर. आमच्या भागातल्या वायरमनचा नंबर सरांना तोंडपाठ होता आणि दिवाळीला प्राचार्यांच्या आधी फराळाचा डबा वायरमनकडे जायचा. मे महिन्यात जळगावात बाहेरची आणि आतली भट्टी यांत फरक फक्त दाराचा असतो. सर डोक्यावर ओला पंचा टाकून त्या दाराशी स्टुलावर बसायचे आणि तापमानाचा काटा वाचायचे. भट्टी बंद केल्यावर ती आपोआप थंड होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर चकत्या तडकतात. एकदा कॉलेजच्या कार्यकारिणीतले कोणी बडे गृहस्थ पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "सर, जरा दार उघडून दाखवा की आत काय आहे." सर दाराला पाठ लावून उभे राहिले. "बाळंतीण शे आत. सव्वा महिना नही म्हणत, सव्वा दिवस तरी दार उघडाव नही." पाहुणे हसले, गृहस्थ हसले नाहीत. दार उघडलं नाही ते नाहीच.

पण सरांची खरी कीर्ती होती ती नावडत्या वहीची. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वह्या कराव्या लागत. एक नेहमीची. दुसरीत नको असलेले आकडे: फसलेली चकती, न जुळलेलं मोजमाप, यंत्रानं मध्येच दाखवलेलं काहीतरी वेडंवाकडं. "आवडता आकडा माणूस लिहिल्याशिवायबी ध्यानात ठेवस," सर म्हणायचे. "नावडतीनं मीठ अळणी. म्हणून तिनं नाव पहिलं लिखा." आणि कोणी चांगला निकाल घेऊन नाचत आला की सरांचा ठरलेला प्रश्न यायचा: "खरा शे, का आवडता शे?" याचं उत्तर तोंडानं देऊन चालत नसे. तीच चकती पुन्हा पहिल्यापासून करून तोच आकडा आणावा लागे. बोदवडचा एक अख्खा शोधनिबंध या प्रश्नापायी दोन वर्षं अडून बसला होता, आणि तो सरांना शिव्या द्यायचा तेव्हाही हळू आवाजात द्यायचा, कारण आतून त्याला माहीत होतं की म्हातारा चुकत नाही.

आणि खल. अ‍ॅगेट नावाच्या करड्या दगडाचा, आतून आरशासारखा गुळगुळीत. सर तो मलमलीत गुंडाळून कुलपात ठेवायचे. वापरून झाला की आधी आम्लानं, मग शुद्ध पाण्यानं, मग अ‍ॅसिटोननं धुवायचा. त्यात आमच्या पुडीशिवाय दुसरं काही पडता कामा नये, कारण दुसऱ्या पदार्थाचा कण जरी राहिला तरी चकतीचे गुण बदलतात. बोदवडनं एकदा डोकं दुखतंय म्हणून गोळी त्यात कुटून पाण्याबरोबर घेतली होती. सर त्याच्याशी पंधरा दिवस शुद्ध मराठीत बोलले. "आपल्या मस्तकाचे दुखणे आपण माझ्या संशोधनात मिसळलेत," हे वाक्य आमच्याकडे म्हण होऊन बसलं. कोणाचा डबा सांडला, कोणाची सायकल पंक्चर झाली, कोणी ना कोणी ते म्हणायचंच.

तर समिती यायला महिना राहिला होता, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं जेमतेम होतं. आकडे होते, खरे होते, पण सगळे सुमार. अशात एका शुक्रवारी मी चौथ्या घाण्यातली चकती यंत्रावर लावली आणि वाहकता आली नेहमीच्या सहापट. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. सहापट. चांदीचा लेप खरवडून नवा लावला. सहापट. त्याच घाण्यातल्या दुसऱ्या चकतीचंही तेच. चकतीही दिसायला वेगळी होती, घट्ट, बिनछिद्राची, नखानं वाजवली की कपासारखी खणकन बोलायची. मी इतकी आनंदले होते की बोदवडला त्या दिवशी दोन वडे दिले.

सरांनी आकडा बघितला आणि विचारलं, "खरा शे, का आवडता शे?" मी म्हटलं, "खरा आहे सर. परत करून दाखवते."

परत झाला नाही. पाचवा घाणा सुमार, सहावा सुमार, सातवा तर पहिल्याहून वाईट. तीच पूड, तेच वजन, तेच तापमान. त्यात चौथ्या घाण्याची शिल्लक पूडही नव्हती आणि एक चकती चांदी खरवडताना फुटलेली. आठवा घाणा फसला त्या दिवशी सरांनी माझी वही मागून घेतली. बोदवड होता, खालच्या वर्गातले दोघं-तिघं होते. सर वही उघडून चौथ्या घाण्याच्या पानापर्यंत आले आणि म्हणाले, "धुळे, हा आकडा आपण मोजला आहे, की आपल्याला तो आवडला आहे?"

शुद्ध मराठीत. सगळ्यांसमोर. संशोधनात माणसाला सगळ्यात वाईट काय म्हणता येतं ते त्यांनी मला म्हटलं होतं, आणि "आपण" म्हणून म्हटलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला खोटं वाटत असेल तर ठेवा ती वही." बॅग उचलली, खोलीवरही गेले नाही, सरळ स्टँडवर येऊन पारोळ्यावरून धुळ्याची गाडी पकडली. एरंडोल येईपर्यंत रडले आणि पारोळ्यापासून पुढं त्यांना मनात शिव्या दिल्या. शिव्या मारवाडीत दिल्या, कारण ती भाषा त्यांना येत नव्हती.

पप्पांनी काही विचारलं नाही. माणूस धंद्यातला, गिऱ्हाईक परतलं की का परतलं हे लगेच विचारू नये एवढं त्यांना कळतं. चार दिवस मी गल्ल्यामागे बसले आणि त्यांचा अंदाज खरा निघाला, मी तिथे शोभून दिसत होते. म्हणूनच तो गल्ला मला आणखी नकोसा झाला.

पाचव्या दिवशी भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक आलं. डोक्याला पंचा, हातात स्टीलचा डबा. मी आत माल लावत होते. बाहेरून पप्पांचा आवाज आला, "काका, सहाचा सेट दाखवू की बाराचा?" मग पप्पा जरा घाबरून म्हणाले, "काका, हे काय करताय?" मी पडद्याआडून बघितलं. सरांनी शोकेसमधला कप उचलून त्याची कड व्हर्नियरमध्ये धरली होती.

"बरा शे कप," सर म्हणाले. "जाडी बठ्ठीकडे एकसारखी शे. पण भाऊ, मी लेवाले नही वनू. तुमनी पोरनी माफी मांगाले वनू."

घ्यायला नाही, माफी मागायला आले म्हटल्यावर पप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी दिलं नाही. मी पडद्याशी हाताची घडी घालून उभी राहिले. सरांनी डबा उघडला. वर उडदाचे पापड होते आणि त्यांच्यावर कागदात बांधलेला मळकट पांढरा खडा. खडा त्यांनी गल्ल्यावर माझ्यासमोर ठेवला.

"हाऊ दख, धुळे. हाऊ चोर."

आमच्याकडे पापड करणाऱ्या बायकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तो पापडखार होता, केळीचा. केळीचं खोड आणि साल वाळवून जाळतात, राख पाण्यात भिजवून ते पाणी आटवतात, खाली उरतो तो खार. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, फैजपूरकडच्या, माहेराहून आलेल्या खाराशिवाय पापडाला हात लावत नसत. एप्रिलच्या शेवटी त्यांनी सरांच्या हातात खडा दिला होता: मिक्सरचं भांडं खराब होतं, खलबत्त्यात भरडच राहतो, तुम्हीच कशात तरी बारीक करून आणा. आणि सरांनी, आमच्या सरांनी, रविवारी कॉलेज उघडून, मलमल सोडून, त्या सोवळ्यातल्या खलात पापडखार घोटला होता. आम्लाची बाटली संपलेली होती. खार पाण्यात विरघळतोच, तेव्हा पाण्यानं धुतला की झालं, असा हिशेब त्यांनी केला. पण खलाच्या तळाला एक बारीक चीर होती, तिच्यात थोडा बसला. दुसऱ्या दिवशी मी त्यात चौथा घाणा घोटला. त्या आठवड्यात आम्ल आलं, खल नीट धुतला गेला, आणि चोर पुरावा घेऊन पसार झाला.

"ध्यानात कसं आलं?" मी विचारलं. सरांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण कुतूहल आवरेना.

"जेवताना," सर म्हणाले. "तुनी काकू म्हणे, यंदा पापड चांगला झायात, तुमी खार मैद्यागत बारीक करी लयनात. मना हातमा पापड तसाच ऱ्हायना." मग खाली बघत म्हणाले, "मी तुले चार लोकसमोर खोटी पाडं. चूक मनी शे."

मला राग येत होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींची तोंडात इतकी गर्दी झाली की मी शेवटी रडले. पप्पांनी आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघितलं. मग एक पापड उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "एवढी वीज जाते यातून?"

समितीला अकरा दिवस होते. आम्ही परत जळगावला आलो आणि खार वजन करून, मोजून मापून, मुद्दाम घातला. सर सकाळी सहाच्या आधी येऊन भट्टी लावायचे. वायरमनला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि त्या माणसानं आमच्या बाजूची दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली. पहिला घाणा: पाचपट. दुसऱ्यात खार किंचित वाढवला: सातपट. झालं असं होतं की खारातल्या पोटॅशियममुळे पुडीचे कण भाजताना लवकर सांधले जात होते आणि चकती घट्ट होत होती. बोदवड भट्टीसमोर नाचला. सरांनी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, "बरं शे." त्यांच्या तोंडून याच्या वरचं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला एक सुचलं, आणि ते सांगायला आजही थोडी लाज वाटते. मी म्हटलं, "सर, समितीला सांगू या की पोटॅशियम आपण मुद्दामच घातलं होतं. चौथ्या घाण्यातही. आधीपासून तीच कल्पना होती. कोणाला कळणार आहे? तुमच्या नावाला धक्का नको."

सरांनी व्हर्नियर खिशातून काढलं, उघडलं, मिटलं, परत ठेवलं. "अशानं आकडा खरा ऱ्हाई," ते म्हणाले, "पण गोष्ट खोटी व्हई." आणि उठून खल धुवायला गेले.

समितीचे तिघं आले. दोघं मध्यम वयाचे, अध्यक्ष पिकल्या केसांचे आणि बारीक चौकशी करणारे. मी चांगलं बोलले. नवे दोन घाणे दाखवले, खाराचं प्रमाण सांगितलं. अध्यक्षांनी माझ्या वह्या मागितल्या आणि नेमकं तिथे बोट ठेवलं. "हा चौथा घाणा एप्रिल-मे मधला. तेव्हा तुमच्या नोंदीत खार नाही. पण आकडा खार घातल्यासारखा. हे कसं?" मी तोंड उघडलं. जे झालं ते सांगायचं तर सरांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि माझी जीभ उचलेना. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आकडा नंतर भरला आहे, असं समजायचं का?"

मार्गदर्शकानं मध्ये बोलायचं नसतं असा नियम आहे. सर उभे राहिले. "साहेब, पोरनी काहीच चूक नही. खल मना ताबामा व्हता. खार मी कुटा. तिना आकडा खरा शे."

"सर, प्रमाण मराठीत सांगता का?" अध्यक्ष म्हणाले. "इतिवृत्तात घ्यायचं आहे."

मग सर शुद्ध मराठीत बोलले. रविवार, काकू, मिक्सर, चीर, पाण्यानं धुणं, सगळं. "प्रयोगशाळेच्या खलात घरगुती पदार्थ घोटण्याचा निर्बुद्धपणा मी केला. त्यानंतर या विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणावर मी चारचौघांत शंका घेतली. हा दुसरा अपराध पहिल्यापेक्षा मोठा आहे." सर स्वतःवर रागावलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. समितीतल्या एकाला हसू आवरेना, तो रुमाल तोंडाला लावून बसला. दुसऱ्यानं अगदी गंभीरपणे विचारलं की खार केळीचाच कशावरून, सज्जीखार तर नव्हता? पण अध्यक्ष हसले नाहीत.

"हे लेखी लागेल," ते म्हणाले. "मार्गदर्शकाचा अहवाल आल्याशिवाय शिफारस पुढं जाणार नाही. आणि सर, असं लिहून दिलंत तर पुढचे विद्यार्थी घेताना तुम्हाला प्रश्न विचारले जातील. निवृत्तीला तुमची थोडीच वर्षं राहिली आहेत. विचार करा."

"इचारतील तर सांगसू," सर म्हणाले आणि बसले.

त्यानंतरचे तीन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. फेलोशिप आता त्या एका कागदावर होती, आणि कागद सरांकडे. अध्यक्षांनी सरांना सरळ पळवाट दाखवली होती. सरांनी नुसतं गुळमुळीत लिहिलं असतं, नोंदी अपुऱ्या, विद्यार्थिनीला सूचना दिली आहे, तरी त्यांचं निभावलं असतं आणि मी गल्ल्यामागे गेले असते. सर नेहमीसारखे वडे मोजत होते. मी त्यांना अहवालाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं, आणि तसा संशय आला की कसं वाटतं ते मी नुकतंच भोगलं होतं. पप्पांचा रोज फोन यायचा. ते फक्त "पापड संपले" असं सांगायचे आणि थांबायचे.

चौथ्या दिवशी कार्यालयातल्या क्लार्कनं मला खिडकीशी बोलावलं. अहवाल आला होता, आज पाठवायचा होता, पण त्यांना एक अडचण दिसत होती. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. सरांचं ते बारीक, ताठ अक्षर. उपस्थिती: नियमित. नोंदींचा खरेपणा: निःसंशय. पुढील टप्प्यासाठी शिफारस: होय. क्लार्कनं त्याच्या खालच्या रकान्यावर पेन टेकवलं. रकान्याचं नाव होतं, "संशोधक विद्यार्थ्याच्या कामातील उणिवा". त्यापुढं सरांनी एकच शब्द लिहिला होता: मार्गदर्शक.

"मॅडम, सरांनी गडबडीत सहीच्या जागेचं इथं लिहून टाकलंय," क्लार्क म्हणाले. "मी व्हाइटनर लावून नीट करू का?"

मला अक्षरं दिसेनाशी झाली होती. मी ओढणीनं डोळे पुसले आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

"नको," मी म्हटलं. "त्यांनी बरोबर जागी लिहिलंय."